धाकटे मालक

पार्लमेंटच्या लॉबीच्या दारात ओबडाया फिंच उभा दिसला आणि जर्व्हेस ट्रेलॉनच्या काळजात चर्र झालं. ओबडाया म्हणजे गावाकडच्या तबेल्यातला म्हातारा मोतद्दार. गुडघ्यापर्यंत चिखल, टोपी हातात. वडील अंथरुणाला खिळलेले असताना हा दोन दिवस घोडा दामटत लंडनला आला, तो काही उगीच नाही.

मतदानाला पाच-दहा मिनिटं होती. जर्व्हेस तरातरा त्याच्यापाशी गेला.

"एक अक्षर बोलू नकोस," तो पुटपुटला. "तासाभराने सांग."

"पण मालक—"

मालक! ओबडायाचे मालक म्हणजे थोरले अर्ल, जर्व्हेसचे वडील. जर्व्हेस जन्मल्यापासून त्याला 'धाकटे मालक'च होता, आणि चाळीस वर्षांत म्हाताऱ्याची जीभ एकदाही घसरली नव्हती. म्हणजे वडील गेले.

रडायचीही चोरी! बाप गेला की त्याच क्षणी मुलगा अर्ल होतो, आणि अर्लची जागा वरच्या सभागृहात. खालच्या सभागृहात मग त्याचं मत कवडीमोलाचं. आणि आजचं विधेयक तरणार होतं ते एका मतावर. दुकानातून चार वार कापड उचललं तरी फाशी, हा कायदा मोडायला जर्व्हेस अकरा वर्षं लोकांचे उंबरे झिजवत होता. अशीच एक बाई त्याने डोळ्यांदेखत फासावर जाताना पाहिली होती. कापड परत करते हो, असं ती शेवटपर्यंत म्हणत होती.

"घरचा माणूस वाटतं?"

सर क्लेमेंट बॉड. विरोधकांचा म्होरक्या, आणि नाक असं तिखट की विचारू नका. त्याने जर्व्हेसला बाजूला सारलं आणि सरळ म्हाताऱ्यालाच गाठलं.

"काय रे बाबा, अर्लसाहेबांची तब्येत कशी आहे?"

जर्व्हेसच्या तोंडचं पाणी पळालं. आता संपलं सगळं! ओबडायाने आयुष्यात माणसाशी सोडा, घोड्याशीसुद्धा कधी लबाडी केली नव्हती.

म्हाताऱ्याने टोपी हातात दोनदा फिरवली. जर्व्हेसकडे पाहिलं.

"झोपलेत, साहेब," तो म्हणाला. "महिनाभर डोळ्याला डोळा नव्हता. आता शांत झोपलेत."

"म्हणजे उतार पडला म्हणायचा?"

"दुखणं थांबलं, साहेब."

बॉडने जर्व्हेसकडे निरखून पाहिलं. जर्व्हेसने उसनं हसू आणलं. हात मागे बांधून घेतले. तेवढ्यात शिपाई ओरडला, "मतदान! मतदान! बाहेरच्यांनी लॉबी रिकामी करा!" ओबडायाला दंडाला धरून बाहेर काढलं.

मोजणारा एकेक डोकं मोजत आला. जर्व्हेससमोर तो थांबला, असं जर्व्हेसला वाटलं. थांबला नव्हता.

विधेयक एका मताने पास झालं.

जिन्यापाशी मित्रांनी त्याला गराडाच घातला. कुणी मिठी मारतंय, कुणी आरोळ्या ठोकतंय. ओबडाया भिंतीला टेकून बसला होता, तो उठून उभा राहिला. टोबी लॅस्कमने जर्व्हेसच्या पाठीत असा धपाटा घातला की तो दोन पावलं पुढे गेला.

"जिंकलास लेका! पण आता वरचं सभागृह. तिथे तुझा म्हातारा बाप बसलाय ठाण मांडून. आपलं विधेयक त्यानेच दोनदा पाडलं ना? तो जिवंत आहे तोवर हे काही पुढे सरकत नाही बघ. त्याचं काय करायचं ठरवलंयस?"

सगळे खो खो हसले. त्यांच्याबरोबर जर्व्हेसही हसला. ओबडायाने भिंतीकडे तोंड फिरवलं.