बाजीचं नाक

शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली आणि अनुजाने चिमीला झटकन उचलून छातीशी धरलं. सीमेवरून परतल्यापासून यशवंतचे हात अशा आवाजाने थरथरत. त्यामुळे ती त्याला लेकीला घेऊच देत नसे.

बाजी उठला. लष्कराने दिलेला हा कुत्रा माणसाच्या घामातली भीती हुंगायचा आणि त्याला कळलेलं गळ्यातला पट्टा बोलून दाखवायचा.

"भीती फार वाढलीय. मी जवळ बसतो," पट्टा म्हणाला.

"अहो, खाली बसा. सावकाश श्वास सोडा," अनुजा मागे सरकत म्हणाली.

पण बाजी यशवंतला ओलांडून आला आणि तिच्याच पायांना अंग टेकून बसला.

"अरे बाबा, तुझा मालक तिकडे आहे."

बाजी हलला नाही.

"त्याचं नाक चुकत नाही गं," यशवंत म्हणाला. त्याचे हात मांडीवर शांत होते. "मला एवढी घाबरतेस?"

"तुम्हाला नाही. तुमच्या हातांना."

"मग तूच बस की खाली. सोड श्वास सावकाश."

तिला हसू फुटलं आणि पाठोपाठ रडूही. चिमी बापाकडे झेपावत होती. अनुजाने तिला त्याच्या हातांत दिलं आणि रिकाम्या हातांनी बाजीच्या मानेला घट्ट मिठी मारली.