पोटभर

गडी सुकाने शेततळ्यात खाद्याची पहिली ओंजळ फेकली आणि पाणी उकळल्यासारखं उसळलं. मासे एकमेकांच्या अंगावरून उड्या घेऊ लागले.

"आजी, लांब उबी रा," तो हसला. "उपाशी हायत. बोट पन नाय सोडनार."

रंभाबाई काठीवर रेलून बघत राहिल्या. मागे त्यांचा मुलगा भाग्येश फोनवर व्यापाऱ्याला सांगत होता, "आधी खाद्य तोडायचं, मग पोटभर द्यायचं. उपाशी मासा खाल्लेलं सगळं अंगाला लावून घेतो. या की बघायला."

बघायला तेजलही येणार होती, केळव्याहून. मागच्या खेपेला लेक न कळवता आली होती. आईचं मनगट चिमटीत धरून भावाला म्हणाली होती, "पुन्हा अशी वाळलेली दिसली, तर घेऊनच जाईन." ती गेल्यावर भाग्येश दिवसभर तळ्याच्या काठाने येरझाऱ्या घालत होता. तळ्याखालची जमीन रंभाबाईंच्या नावावर होती.

या वेळी तेजलने महिनाभर आधी फोन करून कळवलं. त्या फोनपर्यंत रंभाबाईंना अर्धी भाकरी आणि आमटीचं वरचं पाणी मिळायचं. आज सुनेने, रूपालीने, ताट पुढे ठेवलं. वाफाळता भात, त्यावर तूप, अंड्याचा रस्सा.

रंभाबाईंनी ठरवलंच होतं. ताटाला शिवायचं नाही. तेजलला हाडं दिसू देत.

"भूक नाही मला."

रूपालीने आग्रह केला नाही. ताट तिथेच ठेवून ती आत गेली.

याच घरात रंभाबाईंनी पंगती वाढल्या होत्या. शेवटचा माणूस उठेपर्यंत त्यांनी कधी घास घेतला नव्हता. आता तुपाचा वास नाकात शिरला आणि हात आपणहून पुढे गेला. भानावर आल्या तेव्हा बोटं रिकामं ताट निपटत होती.

"अजून वाढू?" दारातून रूपालीने विचारलं.

त्यांनी ताट पुढे केलं. दुसऱ्या दिवशीही केलं. रोज केलं.

तेजल आली. आईचे गाल तिने दोन्ही हातांत धरले. "कित्ती छान दिसतेयस गं! वहिनी, मी उगाचच बोलले त्या दिवशी."

"तेजू, मला..." रंभाबाईंनी तोंड उघडलं.

रूपालीने त्यात शिऱ्याचा घास भरवला. गरम होता, गोड होता. तोंड मिटलं.

तेजलची रिक्षा वळणाआड गेली, तरी रंभाबाई चघळतच होत्या. मोठे मासे सकाळीच व्यापाऱ्याच्या टेम्पोतून गेले होते. तळ्याच्या काठावरून भाग्येशचा आवाज आला,

"सुका, राहिलेत त्यांचं खाद्य उद्यापासून बंद."