बल्लारशाला अर्धा तास

"वाच ना अंजनाबाई, काऊन थांबली?" गुणवंतराव गुरुजी खाटेवरून म्हणाले. डोळे गेले तरी हुकूम शाबूत होता.

नातू राजदीप फौजेत. सीमेवर तणाव, म्हणून त्याचा फोन आठ दिवसांपासून बंद. घरात दुसरं कोणी नाही. त्याचं पत्र काल टपालवाल्यानं समोरच्या अंजनाबाईकडेच ठेवलं होतं. पाकिटाचा डिंक सैल होता, पण ते दिसायला डोळे लागतात.

"आधी माह्यं एक जुनं ऐका, गुरुजी."

तिनं पदराआडून पिवळं पडलेलं पत्र काढलं. एकाहत्तरच्या लढाईआधी तिच्या नवऱ्यानं, देवाजीनं धाडलेलं. तेव्हा तिला अक्षर येत नव्हतं. फौजीच्या बायकोनं अंगणात बसायचं आणि गुरुजींनी चष्मा पुसून पत्र वाचायचं, अशी गावची रीत. हे पत्र गुरुजींनी वाचलं ते असं : मी खुशाल आहे, गुरुजींच्या खळ्यावर मदत कर. तिनं आठ दिवस त्यांचं धान चुरलं.

वीस वर्षांनी ती साक्षरता वर्गात बसली आणि घरी येऊन तिनं ट्रंक उघडली.

"'शुक्रवारी सकाळी आमची गाडी बल्लारशाला अर्धा तास थांबते,'" ती वाचू लागली. "'फलाटावर ये. पुन्हा भेट होईल, न होईल.'"

झालीच नाही. देवाजी लढाईतून परतला नाही.

गुरुजींनी भिंतीकडे कूस वळवली. मग म्हणाले, "खळ्यावर माणसं नव्हती त्या साली."

"मी कुठी काही म्हटलं?" तिचा आवाज गोड होता. "आता राजदीपचं ऐका."

तिनं कागद उलगडला, पण त्याकडे पाहिलं नाही. मजकूर पाठच होता.

"'आजोबा, शुक्रवारी सकाळी आमची गाडी बल्लारशाला अर्धा तास थांबणार. फलाटावर या. मग कधी भेट होते, सांगता येत नाही.'"

गुरुजी ताडकन उठून बसले. "मले येडा समजली का? चाळीस वर्षं पोरांच्या कॉप्या पकडल्या मी! देवाजीचंच पत्र फिरवून वाचून राह्यली. आंधळ्या म्हाताऱ्याले दिवसभर फलाटावर बसवायचं आहे तुले!"

"मंग दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्या."

"अन् गावात हसं करून घेऊ? दे इकडे."

त्यांनी चाचपत कागद हिसकावून घेतला, चुरगाळला आणि खाटेजवळच्या शेगडीत टाकला. तो पेटल्याचा वास आल्यावरच पुन्हा आडवे झाले.

"तुमची मर्जी, बाप्पा," अंजनाबाई म्हणाली. "मी तर वाचलं."

शुक्रवारी पहिल्या एसटीनं ती बल्लारशाला गेली. ठेवणीतलं लुगडं नेसून.

गाडी थांबली. एक फौजी उतरला, गर्दीत शोधत फलाटाच्या दोन्ही टोकांना जाऊन आला आणि अखेर तिच्यापाशी थांबला.

"आजी, एकटीच? आजोबा काऊन नाई आले?"

अंजनाबाईनं मुरमुऱ्याच्या लाडवांची पुरचुंडी त्याच्या हातात ठेवली.

"खळ्यावर माणसं नाईत म्हणाले, बापू."