परतीचा माल

मागल्या उन्हाळ्यात शंभूराजच्या जीपमधून सगळे मित्र मुंबई बघून आले. मला नेलं नाही. "बिरा, तुझ्या घरी मेंढरं. गाडीत वास बसंल," शंभूराज सगळ्यांदेखत म्हणाला होता.

यंदा त्याच्या घरच्यांनी जीप विकली आणि एस्टीचं भाडं कुणाला परवडेना. काटेवाडीच्या पारावर बेत अडला, तेव्हा मीच म्हणालो, "आमचा टेम्पो भाजी घेऊन वाशीला जातोय. मागं बसा, फुकटात मुंबई बघा. फकस्त तारीख मी ठरवणार."

"बिरा म्हंजे दिलदार गडी!" शंभूराजनं माझ्या पाठीवर थाप मारली.

जाताना सगळे कोबीच्या पोत्यांवर बसून गाणी म्हणत गेले. चौपाटी झाली, राणीची बाग झाली, खिसे रिकामे झाले. परतीला मी घाटाच्या पायथ्याला टेम्पो थांबवला. कोकणात चरायला गेलेला आमचा कळप पावसाआधी गावाकडं निघाला होता. माझे चुलते रस्त्याच्या कडेला वाटच बघत होते. घाट चालून चढणं ज्यांना झेपणार नव्हतं, ती सगळी कोकरं आम्ही मागं चढवली. मित्रांच्या मांडीवर, पायांत, मावतील तिथं.

शंभूराज खाली उतरला आणि नाक दाबून केबिनपाशी आला. "बिरा, पुढं एक जागा हाय की रं!"

मी त्या जागेवर सगळ्यात बारकं कोकरू ठेवलं आणि दार लावून घेतलं.

"नगं गड्या. गाडीत वास बसंल."