वापरातला बंब

शेवंता तांडेल या नर्सबाईंचे पत्र येऊन वर्ष झाले होते आणि टिपणीसांनी अजून उत्तर दिले नव्हते. खाणी बंद झाल्यापासून तांबे घराघरांतूनच मिळे. किनाऱ्यावरच्या दवाखान्यात लसींच्या फ्रीजची मोटार जळाली होती. नवी मोटार बांधायला धातुनोंदणी कचेरीने टिपणीसांच्या बंबाचे तांबे नेमून दिले होते, पण बंब वापरात असेल तर तो नेता येत नसे. "त्यावर कोणाचे नाव असल्यास कळवावे, मोटारीवर कोरून घेऊ," असे बाईंनी लिहिले होते.

नाव टिपणीसांच्या दिवंगत पत्नीचे होते. म्हणून ते रोज सकाळी करवंट्या घालून बंब पेटवत.

धातुनोंदणीच्या सरलाताई तपासणीला आल्या.

"काका, बंब चालू आहे ना?"

"रोज पेटवतो."

"आणि त्या पाण्यानं अंघोळ कोण करतं? तुळस?"

टिपणीसांनी अंगणात पाहिले. तुळस उकडून काळी पडली होती.

"नर्सबाई पलीकडून होडीनं लस आणतात. खाडीला उधाण आलं की त्या दिवशी पोरांना लस नाही," सरलाताई म्हणाल्या. "तरी वापरात आहे असंच लिहू का?"

"नको," टिपणीस म्हणाले.

दुपारभर ते लिहीत आणि खोडत बसले. शेवटी एवढेच उरले: "बंब न्यावा. नाव इंदुमती. मोटार आवाज करू लागली तर करू द्यावी, तिलाही गप्प बसणे कधी जमले नाही."

टपाल निघायच्या आत त्यांनी पाकीट पेटीत टाकले.