जरा वाईट काढा

पाऊस उघडला होता आणि खड्ड्यांतल्या पाण्यात संध्याकाळचं केशरी आभाळ उतरलं होतं. कॅमेरा ट्रायपॉडवर लावून मी एक्स्पोजर थोडं कमी केलं, तशी रस्त्याची माती काळीभोर झाली आणि खड्डे निखाऱ्यांसारखे उजळले. असा फोटो वर्षातून एखादाच मिळतो.

मागे सरपंच कौसाबाई उभ्या होत्या. रस्त्यासाठी अर्ज करायचाय, त्याला जोडायला फोटो हवा, म्हणून त्यांनीच मला बोलावलं होतं. मी ऐटीत स्क्रीन दाखवली.

"लई देखणा आलाय," त्या म्हणाल्या, पण चेहरा पडला होता. "ह्यो बघून सायब डांबर कशाला टाकंल? फ्रेम करून भिंतीवर लावंल. जरा वाईट काढा की, भाऊ."

डोक्यावरच्या उन्हात फोटो मरतो, म्हणून भर दुपारी मी कॅमेरा कधी पिशवीतून बाहेर काढत नाही. दुसऱ्या दिवशी बारा वाजता काढला. पांढरंफटक आभाळ, चहासारखं गढूळ पाणी आणि मधोमध रुतलेला दुधाचा टेम्पो. इतका भिकार फोटो मी जन्मात काढला नव्हता. कौसाबाई तो बघून खुदकन हसल्या.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी पुन्हा बोलावलं. रस्ता आता काळा, गुळगुळीत आणि सरळसोट होता. फोटो काढावा असं त्यात काहीच उरलं नव्हतं.

"आता काढा देखणा," म्हणत कौसाबाई नव्या लुगड्याचा पदर सावरून रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या.

बरोबर बारा वाजले होते. मी पिशवीतून कॅमेरा काढला आणि पहिल्यांदाच उन्हाला नावं ठेवली नाहीत.