दोन तंबूंचा एक पिक्चर

"ती बाई परत आली," ऑपरेटरच्या केबिनमध्ये डोकं घालून धर्माजी म्हणाला.

शिवा मशीनला तेल घालत होता. "कोण बाई?"

"काळी छत्रीवाली. उत्तनकडची कोळीण दिसते. आज सलग पाचवा दिवस. आणि आजही दोन्ही तंबूंची तिकिटं काढलीत."

शिवाचा हात थांबला.

भाईंदरच्या मिठागरांच्या कडेला बाबाजीशेठचे दोन तंबू शेजारी शेजारी उभे होते. धर्माजी दोन्हींचा मॅनेजर, तिकीटवाला आणि वेळ पडली तर दारवानही. मुंबईच्या कंपनीनं पिक्चर दिला होता तो एका तंबूपुरता. पण शिवानं पहिल्या मशीनमधून निघालेली फिल्म लाकडी चाकांवरून, पत्र्याच्या साठ फुटी बोगद्यातून दुसऱ्या तंबूतल्या मशीनमध्ये ओवली होती. प्रिंट एक, पडदे दोन. इकडे हीरोनं कुणाच्या थोबाडीत दिली की चाळीस सेकंदांनी तिकडे तोच आवाज. कंपनीच्या बापालाही पत्ता लागला नसता.

लागला तर मात्र सगळं संपलं. गेल्या दिवाळीत एका तंबूवाल्याची अशीच लबाडी उघडी पडली. कंपनीच्या माणसांनी चालू खेळातून रिळं उचलून नेली, लोकांनी बाकडी मोडली, तंबू कायमचा बसला. धर्माजीनं गिरणीतली नोकरी सोडून हे काम धरलं होतं. बायको गोदूबाई आणि तीन पोरं ह्याच तंबूवर जेवत होती. गावची जमीन भावानं कधीच गिळली होती, तेव्हा परतीची वाटही नव्हती.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. धर्माजीला सारखी त्या बाईची भीती वाटायला लागली होती.

बाई पहिल्या तंबूत अगदी पुढं, पडद्याला नाक लावून बसायची. इंटरव्हलनंतर एक समुद्रकाठचा सीन होता. दहा-बारा माणसं दोर लावून होडी वाळूवर ओढतात, बस. पंधरा सेकंदांचा मामला. सीन संपला रे संपला की बाई उठायची आणि लुगडं सावरत, जवळजवळ पळतच दुसऱ्या तंबूत शिरायची. तिथं तोच सीन लागत असायचा. तो बघायची आणि छत्री उचलून चालू पडायची. पिक्चरचा शेवट तिनं एकदाही पाहिला नव्हता.

"काल मी मुद्दाम शेजारी बसलो," धर्माजी म्हणाला. "तिचे ओठ हलत होते. मोजतेय ती, शिवा. इकडचा सीन, तिकडचा सीन, मधला वेळ. कंपनीला हाच पुरावा पाहिजे."

"कंपनी कोळीण पाठवेल?"

"सुटाबुटातला पाठवला तर आपण ओळखू ना! म्हणून तर हिला धाडलीय."

"विचारलं का तिला काही?"

विचारलं होतं. काल दारात अडवून त्यानं गोड आवाजात विचारलं होतं, "लांबून येता का, बाई?"

"पालीशना, उत्तनच्या बाजूला. बस हाय ना."

"रोज? पिक्चर एवढा आवडला?"

"येक जागा आवडते."

"मग इकडून उठून तिकडं कशाला जाता?"

"दोन तिकिटा काढलीत न्हाय का?" ती म्हणाली आणि निघून गेली. ताकास तूर लागू दिली नाही. इतकी तयार बाई साधी असूच शकत नाही, अशी धर्माजीची खात्रीच पटली.

"तो सीन काप," तो आता शिवाला म्हणाला.

"वेडा झालास का? कंपनीनं विचारलं तर?"

"फिल्म अडकली, जळाली म्हण. दर आठवड्याला जळतेच की कुठंतरी. त्यात ना हीरो, ना गाणं, ना फायटिंग. पब्लिकला कळणारसुद्धा नाही. सीनच नाही, तर ती जुळवणार काय?"

शिवानं इंटरव्हलनंतरचं रीळ उलगडलं, तुकडा कापला आणि दोन टोकं सांधून टाकली. तुकडा ठेवायला धर्माजी तयार नव्हता. तो बाहेर घेऊन गेला आणि चहाच्या शेगडीत घातला. फिल्म आक्रसली, काळा धूर सुटला आणि चहावाला शिव्या देत मागे सरला. धर्माजीला चार दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं.

सहाचा खेळ सुरू झाला. इंटरव्हल झाला. धर्माजी पहिल्या तंबूच्या पडद्याआड उभा राहून बाईकडे बघत होता. सीनची जागा आली आणि गेली. बाई पुढं सरकली, थोडा वेळ तशीच राहिली, मग उठून धावत दुसऱ्या तंबूत गेली. तिथंही उभ्यानंच बघितलं. मागच्या लोकांनी ओरडून तिला खाली बसवलं.

ती बाहेर आली तेव्हा धर्माजी दारात तयारच होता. प्रत्येक प्रश्नाला उत्तर त्यानं पाठ करून ठेवलं होतं.

"दादा," ती हळूच म्हणाली, "आज तो आला न्हाय."

"कोण आला नाही?"

"माजा पोरगा, गॅब्रियल. पालीला शूटिंगवाले आल्ते ना, तवा होडी वढाया त्याला घेतला व्हता. लाल बनियान घातलेला, तो. मंग पावसाआधी दर्यात गेला तो गेलाच, गावला न्हाय. घरात त्याचा येक फोटू पन न्हाय. हितं दिसतो आन् जातो, म्हून धावत तिकडं जातंय. तिकडं परत येतो. दोनदा बोलून घेतंय त्याच्याशी."

धर्माजीनं चहाच्या शेगडीकडे पाहिलं.

बाईनं पत्र्याच्या बोगद्याकडे बोट दाखवलं. "हितं आला न्हाय, तिकडं पोचला न्हाय. मधीच खय तरी अडाकला आसंल. बगता का जरा?"